मिठाईच्या डब्यातला पावसाळा

हे पुस्तक एका मिरचीमुळे सुरू झालं. निदान मला तरी ती मिरचीच वाटली होती. आमच्या मजल्यावर समोरच्या घरात राहणाऱ्या काकांच्या गॅलरीत तांब्याएवढा एक गोल निवडुंग आहे. त्याच्या डोक्यावर तांबूस-पांढऱ्या लोकरीची टोपी. एके दिवशी त्या टोपीतून लवंगी मिरचीएवढं काहीतरी गुलाबी बाहेर डोकावत होतं. काकांनी ते चिमटीत धरलं आणि ते अलगद हातात आलं. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "घ्या. मिरची नाही ही. फळ आहे, आत बी आहे."

"काय करू त्याचं?"

"पेरा."

"कसं पेरायचं?"

"ते मला विचारू नका. मी हे असंच आणलंय, कुंडीसकट."

घरी येऊन फळ दाबलं. पाणीदार गर, आणि त्यात काळ्याभोर चकचकीत बिया. कागदावर पसरून मोजल्या, एकतीस भरल्या. खसखशीच्या दाण्यापेक्षा जराशा मोठ्या. "कसं पेरायचं?" या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत त्या एकतीस संपल्या होत्या, आणि नंतर काकांकडून मागून आणलेल्या आणखी दोन फळांतल्याही. मिळालं ते उत्तर लिहून ठेवलं, त्याचं हे पुस्तक झालं.

प्रस्तावनेत लेखकानं आपली पात्रता सांगायची असते. माझी सांगण्यासारखी नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, माझी नर्सरी नाही, शेती आमच्या घराण्यातून तीन पिढ्यांमागेच सुटली. डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला पूर्वेची एक खिडकी आहे, तिला लोखंडी ग्रिल आहे आणि त्या ग्रिलमध्ये सकाळी दोनेक तास ऊन येतं. माझा सगळा संसार तेवढ्यात. ज्यांच्याकडे अंगण आहे, गच्चीवर जाळीघर आहे, त्यांनी हे पुस्तक नाही घेतलं तरी चालेल. ज्यांच्याकडे एक खिडकी आणि एक ट्यूबलाइट आहे, त्यांच्यासाठी ते लिहिलं आहे.

आणखी एक अडचण होती, ती घरातली. काट्याचं झाड घरात नको, असं आमच्या सासूबाईंचं ठाम मत. मी बियांची कुंडी खिडकीत ठेवली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, भांडणं होतात त्यानं घरात." त्यावरून लगेच झालंच, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं म्हणायची सोय राहिली नाही. पण त्याच खिडकीखाली, तेलाच्या जुन्या डब्यात, त्यांनी स्वतः लावलेलं ब्रह्मकमळ होतं. पावसाळ्यात एखाद्या रात्री ते फुललं की शेजारणींना बोलावणं जायचं, फुलाला हळदकुंकू लागायचं, निरांजन ओवाळलं जायचं. आता हे घरोघरीचं ब्रह्मकमळ म्हणजे निवडुंगच. त्याचं शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या रानांतलं, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसून वाढणारं. आपण ज्यांना त्याची पानं म्हणतो ती पानं नव्हेत, चपटी झालेली खोडं आहेत. फूल 'पानातून' येतं याचं आपल्याला जे नवल वाटतं, त्याचं कारण इतकंच. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. हे सगळं मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "असू दे. पण त्याला काटे कुठं आहेत?"

त्यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. मराठीत आपण 'निवडुंग' हा शब्द फार ऐसपैस वापरतो. बांधावरचा त्रिधारी निवडुंग किंवा कुंपणाचा शेर ही एरंडाच्या कुळातली मंडळी. खरचटलं की पांढरा चीक येतो. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस. त्याची लाल बोंडं खाऊन आम्ही लहानपणी ओठ रंगवायचो आणि मग दोन दिवस आई जिभेवरची बारीक कुसं काढत बसायची, तोच हा. तो इथला नव्हे. कॅक्टसचं अख्खं कुळ अमेरिकेतलं, कॅनडापासून पार पॅटागोनियापर्यंत पसरलेलं, दीड हजाराच्या आसपास जातींचं. ऱ्हिप्सालिस बॅक्सिफेरा नावाची एकच जात तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही रानात सापडते. या पुस्तकात निवडुंग म्हटलं की हे अमेरिकेचं कुळ समजायचं. बांधावरच्या त्रिधारीवर माझा राग नाही, पण त्याच्या बियांचं तंत्र वेगळं आहे.

फड्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. किरमिजी रंग ज्या किड्यापासून निघतो तो याच निवडुंगावर पोसतो, आणि त्या रंगाच्या धंद्यावर तेव्हा स्पेनची पकड होती. ती सोडवावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या आमदानीत, १७९५ साली, बंगालमध्ये हे किडे आणले गेले. ते निघाले भलत्याच जातीचे. रंग मिळाला तो हलका. पण किड्यांनी त्या काळी इथे माजलेल्या फड्याच्या एका जातीचा फडशा पाडला, मैलोगणती रान साफ केलं. किड्याकरवी तणाचा बंदोबस्त करण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांत या फसलेल्या धंद्याची गणना होते. निवडुंग काही केल्या मरत नाही, अशी आपली समजूत असते. तो मरतो. कंपनीच्या किड्यांनी ते दाखवून दिलं आणि माझ्या खिडकीत मीही.

पहिल्या खेपेला मी बिया खत-मातीत अर्धं पेर खोल पुरल्या, कुंडी ग्रिलमध्ये उन्हात ठेवली आणि आठवड्यातून एकदा चमचाभर पाणी घातलं. निवडुंगच तो, त्याचे लाड कशाला? महिन्याभरानं त्या कुंडीत एक तुळस उगवली. दुसऱ्या खेपेला बिया मातीवर नुसत्या टाकल्या आणि वरून प्लॅस्टिक झाकलं. सहाव्या दिवशी रुजल्या. एकोणीस रोपं! मी इतकी हरखले की दहाव्या दिवशी प्लॅस्टिक काढून, "जरा ऊन लागू दे पोरांना," असं म्हणून कुंडी ग्रिलमध्ये ठेवली आणि बाजारात गेले. परत आले तेव्हा हिरवे ठिपके विटकरी झाले होते. संध्याकाळपर्यंत मातीवर नुसते डाग उरले. तिसऱ्या खेपेला बुरशी आली. तिच्याबद्दल पुढे बोलेन.

या सगळ्या चुका एकाच जातीच्या होत्या. पेरत होते बी, आणि वागत होते मोठ्या झाडाशी वागावं तशी. 'निवडुंग' या नावानं मला चकवलं होतं. ऊन हवं, पाणी नको, लक्ष नको, हे जे आपण ऐकत आलो, ते सगळं वयात आलेल्या निवडुंगाचं वर्णन आहे.

रानात तो उगवतो कसा, हे वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकेतल्या ॲरिझोनात आणि त्याला लागून मेक्सिकोच्या सोनोरात साग्वारो नावाचा निवडुंग आहे. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसतो. काउबॉयच्या सिनेमात मागे उभा असतो तोच. उंची बारा मीटरपर्यंत, आयुष्य दीडशे वर्षांच्याही पुढे. त्याची फळं जूनमध्ये, ऐन उन्हाच्या तडाख्यात पिकतात, आणि जुलैत तिथे पाऊस येतो. त्या पावसाला तिकडचे लोकही मान्सूनच म्हणतात. तिथले मूळचे रहिवासी तोहोनो ओधाम लोक ही फळं लांब काठ्यांनी पाडतात, त्यांच्या रसाची दारू आंबवतात आणि पावसाला बोलावण्याच्या विधीत ती पितात. म्हणजे निवडुंगाचं फळ ही त्यांच्या लेखी पावसाची वर्दी आहे, आपल्याकडे पावशा ओरडतो तशी.

एका फळात दोनेक हजार बिया, आणि एक झाड जन्मभरात कोट्यवधी बिया टाकतं. बहुतेक पाखरं, मुंग्या, उंदीर फस्त करतात. उरलेल्यांतली एखादी मेस्कीटच्या किंवा पालो वेर्देच्या झुडपाखाली पडली, आणि त्या वर्षी पाऊस नीट झाला, तरच काही आशा. (मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची बहीण.) झुडपाखालची माती ओल धरून ठेवते, उन्हाची धार बोथट होते, हिवाळ्यात गारठा कमी झोंबतो. असल्या झुडपाला तिकडचे अभ्यासक 'नर्स' म्हणतात. मी या पुस्तकात 'दाईझाड' म्हटलं आहे. दाईच्या पदराआड हा पुढचा राक्षस पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतो. पहिलं फूल पस्तिशीच्या सुमारास, पहिला हात फुटतो तो पन्नाशी उलटल्यावर.

तेव्हा वाळवंटातल्या झाडाचं बाळपण वाळवंटात जात नाही. ते जातं ओलीत, सावलीत, कुणाच्या तरी आडोशाला. घरात निवडुंग पेरायचा म्हणजे घरात वाळवंट करायचं नाही. पावसाळा करायचा, झाकण लावलेला. आणि पुढे तो हळूहळू ओसरू द्यायचा. पुस्तकाची सगळी प्रकरणं याच दोन गोष्टींभोवती फिरतात, त्यामुळे घाईत असलेल्या वाचकानं इथेच थांबून पेरायला सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.

मात्र डब्याबद्दल वाचून जावं. काजूकतली भरून देतात तो पारदर्शक, घट्ट झाकणाचा डबा सगळ्यांत उत्तम. श्रीखंडाचा नको, तो दुधी असतो, उजेड अडवतो. डब्यात दोन-दोन इंची चार कुंड्या मावतात. मातीच्या बाबतीत मी वाद ओढवून घेणार आहे, कारण आपल्याकडे झाड म्हटलं की खत हे समीकरण पक्कं आहे. रोपं दोन-तीन महिन्यांची होईपर्यंत खत अजिबात नको. शेणखत नको, गांडूळखत नको. त्यानं आधी बुरशी पोसते, मग चिलटं, आणि रोपांच्या वाट्याला काही येत नाही. काळी माती तर नकोच. ती भिजली की लगदा आणि वाळली की वीट. धुतलेलं कोकोपीट एक वाटी, परलाईट एक वाटी, जाड वाळू एक वाटी. समुद्राची वाळू खारी, ती वर्ज्य. नदीची वाळू आता सोन्याच्या मोलाची, तेव्हा बांधकामावरची क्रश सँड चाळून, पीठ काढून टाकून, चार पाण्यांनी धुवावी. परलाईट नसेल तर विटेचे डाळीएवढे तुकडे चालतात. पुष्कळ जाणकार याहून लांबलचक पाककृती सांगतात. मी त्या करून पाहिल्या. बियांना फरक कळलेला दिसला नाही.

हे मिश्रण ओलं करून वीस मिनिटं कुकरमध्ये वाफवायचं, म्हणजे बुरशीचे बीजाणू आणि चिलटांची अंडी मरतात. कुकर जुना, कायमचा या कामाला ठेवलेला असावा. पहिल्यांदा मी रोजचाच वापरला होता. शिट्टी झाली तसा स्वयंपाकघरात मातीचा वास भरला आणि सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "पाऊस आला का गं? कपडे काढ आधी दोरीवरचे."

वाफवलेली माती गार झाली की कुंड्या भरायच्या, उकळून निववलेल्या पाण्यात खालून भिजू द्यायच्या आणि बी पेरायचं. पेरायचं म्हणजे पुरायचं नाही. बहुतेक निवडुंगांच्या बीला रुजण्यासाठी उजेड लागतो. रांगोळीची बारीक रेघ चिमटीतून सोडतो तसं बी वरवर सोडावं. ज्यांचा हात रांगोळीवर बसलेला आहे त्यांना हे काम एका दिवसात येतं, बाकीच्यांनी दुमडलेला कागद वापरावा. मग झाकण लावायचं. त्यानंतर दोन महिने पाणी घालावं लागत नाही. आतलं पाणी वाफ होऊन झाकणाला लागतं आणि परत खाली ठिबकतं. माझ्या हातून सुरुवातीला सगळ्यांत जास्त नुकसान झालं ते झाकण पुन्हा पुन्हा उघडून बघण्यानं.

इंग्रजी पुस्तकं या जागी विजेवर तापणाऱ्या गाद्यांची माहिती देतात. पंचवीस ते तीस अंशांत बी सगळ्यांत चांगलं रुजतं, आणि लंडनमधल्या माणसाला ते तापमान विकत घ्यावं लागतं. मुंबई-पुण्याकडे थंडीचे काही आठवडे वगळले तर आपल्याला ते फुकट मिळतं. जळगाव-नागपूरच्या वाचकांनी एप्रिल-मे टाळावेत, कारण पारा पस्तिशीच्या वर गेला की रुजणं मंदावतं. कोकणपट्टीत ऐन आषाढ-श्रावणात पेरू नये. तेव्हा घरातली चामड्याची चप्पलसुद्धा बुरसटते, तिथे बीची काय कथा. उजेड भरपूर हवा, पण थेट ऊन नको: बंद डब्यावर ऊन पडलं की आतली रोपं उकडून निघतात. माझ्याकडे कपाटाच्या फळीखाली पांढऱ्या उजेडाची एलईडी पट्टी आहे, डब्यांपासून वीतभर उंच. सकाळी सहाला लागते, रात्री आठला विझते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून हाताशी भिंग ठेवावं. आधी बी फुगतं. मग त्याची टोपी तडकते आणि आत मोहरीहून लहान, ओला, हिरवा मणी दिसतो. त्याला ना खोड, ना पान. नीट पाहिलं तर मण्याच्या माथ्यावर दोन बारीक उंचवटे असतात, मांजराच्या पिल्लाच्या कानांसारखे. त्या बीजदलिका. निवडुंग हरभऱ्यासारखाच द्विदल आहे, फक्त यानं आपल्या डाळिंब्या अंगातच जिरवून टाकल्या आहेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या दोन कानांच्या मधून पहिले काटे निघतात. काटे कसले, जावळच ते. पांढरं, मऊ, उजेडात धरलं तरच दिसणारं. सासूबाईंना मी ते भिंगातून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. पुढे काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर केर काढणाऱ्या बाईंना "त्या डब्यांना धक्का लावू नकोस हं" असं सांगताना मी त्यांना ऐकलं आहे.

शेदोनशे रोपांत कधी एखादं गुलाबी किंवा पिवळं निघतं. फार गोड दिसतं. त्याच्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे बीमधली शिदोरी संपली की ते मरतं. बाजारात हिरव्या खुंटावर लाल-पिवळा चेंडू बसवलेले निवडुंग मिळतात, ते अशाच रोपांचे वंशज. जपानमध्ये कुणीतरी त्यांना वेळेवर दुसऱ्या निवडुंगावर कलम केलं म्हणून ती जगली. खालचा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो. नवख्यानं तो खटाटोप करू नये. गुलाबी रोपाचा फोटो काढावा आणि सोडून द्यावं.

आता बुरशी. शेतकरी ज्याला रोपांची मर म्हणतात, तीच ही. काल ताठ असलेलं रोप आज बुंध्याशी पाणचट होऊन आडवं होतं आणि उद्या शेजारची चार. त्यावर दालचिनीच्या पुडीचे गोडवे पुष्कळांनी गायले आहेत. मला तिचा गुण आलेला दिसला नाही, फक्त डब्याला लाडवांचा वास आला. पहिलं रोप पडताच ते भोवतीच्या मातीसकट चमच्यानं उचलून फेकावं, डबा दिवसभर उघडा ठेवावा आणि पुढच्या वेळी कुकरला वेळ जास्त द्यावा. काळ्या बारीक चिलटांचं तेच. ती स्वतः निरुपद्रवी असतात, पण त्यांच्या मातीतल्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळे चिकट सापळे भाजीच्या शेतात लावतात, त्यातलाच एक कापून छोटा तुकडा कुंडीत खोचावा.

हे सगळं जमतं. खरी कसोटी लागते झाकण काढताना. दोन-तीन महिने रोपं आपल्या बंद पावसाळ्यात सुखात असतात आणि कधीतरी त्यांना बाहेरच्या कोरड्या हवेत आणायचंच असतं. मोठा निवडुंग आपली रंध्रं दिवसा मिटून घेतो आणि रात्री उघडतो, अंगाला मेण फासतो, पोटात पाणी धरतो; पिल्लाला यातलं फारसं काही आलेलं नसतं. त्याला ते शिकायला वेळ द्यावा लागतो. आपल्या बायका अंगावरचं दूध तोडतात तसंच हे पाणी तोडणं. आधी झाकणाला सुईनं दोन भोकं. आठवड्यानं आणखी चार. मग रोज संध्याकाळी तासभर झाकण तिरकं. असं करत महिनाभरानं डबा उघडा. रोप तांबूस व्हायला लागलं तर उजेड जास्त झाला किंवा तहान लागली; फिकट होऊन उंच, बारीक मानेचं झालं तर उजेड कमी पडतोय. एकदा बारीक झालेली मान पुढे कितीही खाऊ घातलं तरी भरत नाही, त्यामुळे दुसऱ्या चुकीपेक्षा पहिली बरी. या महिन्यावर मी एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे आणि ते पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण आहे. संपादकांनी ते कापायला सांगितलं होतं. मी नाही कापलं.

बी कुठलं घ्यावं, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारतात. हात बसेपर्यंत फुकटचं घ्यावं: बाजारातून एक ड्रॅगन फ्रूट आणावं, चमचाभर गर चहाच्या गाळणीत चोळून धुवावा, निघालेलं बी पेरावं. तोही निवडुंगच, आता सांगली-सोलापूरच्या शेतांत सिमेंटच्या खांबांवर चढवलेला दिसतो. आठ-दहा दिवसांत रुजतो. त्याची रोपं बाकीच्यांपेक्षा धसमुसळी, चांगली दोन पानांची असतात, पण डबा, माती आणि उजेड यांची रंगीत तालीम होते. मग ॲस्ट्रोफायटम, त्याचं बी टोपीच्या आकाराचं, हाताला लागणारं, आणि अनेकदा तिसऱ्याच दिवशी रुजतं. जिम्नोकॅलिशियम आणि मॅमिलेरिया नंतर. फड्याचं बी दगडासारखं टणक, ते महिनोन्‌महिने हलत नाही. नवख्यानं त्याच्या नादी लागू नये. माझं प्रेम अर्थातच काकांच्या टोपीवाल्यावर, मेलोकॅक्टसवर. कॅरिबियन किनाऱ्यांवरचा, दमट उष्ण हवेला सरावलेला हा निवडुंग, त्यामुळे डोंबिवली त्याला परकी वाटत नाही. बहुतेक निवडुंगांना बी धरायला दुसरं झाड लागतं. याच्या बऱ्याच जातींचं एकट्याचं भागतं.

आणि निळ्या, जांभळ्या, इंद्रधनुषी निवडुंगाचं बी म्हणून जे चित्रासह विकलं जातं, ते घेऊ नये. मी घेतलं होतं. शंभर बियांचं पाकीट. पाचव्या दिवशी भराभर उगवलं, दहाव्या दिवशी ओळखू आलं. राजगिरा. भाजी बरी झाली होती.

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा तयार झाड आणावं, असं म्हणणारे भेटतात. आणावंही. पण तयार झाड आलं कुठून, हा प्रश्न या कुळाच्या बाबतीत जरा गंभीर आहे. २०१५ साली निवडुंगांच्या १,४७८ जातींची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं. त्यामागच्या कारणांत शेती आणि बांधकाम आहेच, पण हौशी माणसांसाठी रानातून झाडं उपटणं हेही मोठं कारण आहे. २०२० साली इटलीत पोलिसांनी एका घरावर छापा घातला तेव्हा चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरून आणलेले हजारावर निवडुंग सापडले. बहुतेक कोपियापोआ. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर हे निवडुंग जगतात आणि मुठीएवढे व्हायलाही त्यांना फार वर्षं लागतात. आठशेहून अधिक झाडं पुढच्या वर्षी विमानानं चिलीला परत पाठवली गेली. ती खोकी उघडताना तिथल्या माणसांना काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करते. कोपियापोआच्या बारा बिया माझ्याही डब्यात रुजल्या आहेत. त्या लागवडीतल्या झाडाच्या आहेत आणि कागदपत्रांनिशी आलेल्या आहेत. परदेशातून पाकिटातून गुपचूप बी मागवणं आपल्या कायद्यात बसत नाही, हे इथेच सांगून ठेवते. २००३च्या वनस्पती विलग्नवास आदेशाप्रमाणे त्याला परवाना आणि आरोग्य-प्रमाणपत्र लागतं. आता देशातच बी धरणारे हौशी पुष्कळ आहेत, त्यांच्याकडून घ्यावं.

काय नाही, तेही सांगते. या पुस्तकात कलमं नाहीत, प्रदर्शनातल्या बक्षिसांच्या युक्त्या नाहीत, वास्तूची दिशा नाही. रोपं वर्षाची होऊन एकेकट्या कुंडीत गेली की माझं काम संपतं. पुढचं सांगणारी पुस्तकं आहेत. बोलीभाषेत लिहिलं आहे, कारण कुंडीशी मी याच भाषेत बोलते. मापं वाटी-चमच्यात आहेत.

समोरच्या काकांचे आभार कसे मानायचे, ते मला अजून सुचलेलं नाही. त्यांना पहिली चार रोपं नेऊन दिली तेव्हा म्हणाले, "एवढुशी? माझ्या हयातीत टोपी येईल का यांना?" मेलोकॅक्टसला टोपी येते ती झाड पुरतं वयात आल्यावर. एकदा आली की अंग वाढायचं थांबतं आणि पुढे फक्त टोपीच वाढते. माझं सर्वांत जुनं रोप, चौथ्या खेपेतलं, आता आठ वर्षांचं आहे, मोसंब्याएवढं. या प्रस्तावनेचा शेवट लिहायला बसले त्या सकाळी त्याच्या शेंड्यावर, काट्यांच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा पुंजका दिसला. पिठ्या ढेकूणही अगदी असाच दिसतो. चष्मा पुसला, भिंग आणलं, सासूबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "ढेकूणच असणार." सुईच्या टोकानं हलकेच ढोसून पाहिलं.

हललं नाही.